मुंग्या कोणाच्या?

१

बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं तरी तपासणी डॉक्टर ढिम्म बसून होते.

"लावलंत ना नक्की?" त्यांनी मला विचारलं.

लावलं होतं. त्यांच्या उघड्या हातावर, मनगटाच्या वर, दोन चिकट पट्ट्या. पट्ट्यांना वायर, वायर मशीनला, मशीनचा दिवा हिरवा. एवढ्या करंटवर धडधाकट माणूस खुर्चीतून उठून माझा उद्धार करतो. डॉक्टरांनी शांतपणे पट्ट्या सोलून काढल्या, समोर बसलेल्या सोनेरी काकूंकडे वळले आणि म्हणाले, "मशीनमधून करंटच येत नाहीये. आणि बाई, तुम्हाला आत्ता याच मशीनने मुंग्या आल्या. वर बरंही वाटलं. याला आमच्याकडे ढोंग म्हणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फिजिओथेरपिस्ट. आसपासचे लोक मला करंटवाली म्हणतात, आणि मला ते आवडतं. या मशीनचं काम तसं साधं आहे. कातडीवरून नसेला हलका करंट द्यायचा, की तिथे मुंग्या आल्यासारखं होतं. दारात आधीच कुणी गप्पा मारत उभं असलं की दुसऱ्याला आत शिरता येत नाही, तसं दुखणं मेंदूच्या दारात बाहेरच अडकून राहतं. आजार बरा होत नाही, पण मशीन चालू असेपर्यंत आणि पुढे थोडा वेळ माणसाला हात हलवता येतो. काकूंना तेवढंच हवं होतं.

काकू पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुस्तकांच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उठवतात, म्हणून सोनेरी काकू. तापवलेला पितळी ठसा वर्खावर धरायचा आणि दाबायचा. एकेक अक्षर, हाताने. मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात दाबयंत्रात सापडला. हाड जुळलं, नस मात्र रुसली ती रुसलीच. मशीन कमरेला अडकवून, पट्ट्या हाताला लावून त्या पुन्हा अक्षरं काढू शकतात, हे मी स्वतः बघितलं होतं. आता कारखान्याच्या डॉक्टरांनी ते बघायचं होतं. हात चालतो म्हणाले तर काकूंना त्यांचं टेबल परत मिळणार. चालत नाही म्हणाले तर मानाने निरोप. तिसरा पर्याय कुणाच्या डोक्यातही नव्हता, आणि डॉक्टरांनी नेमका तोच काढला. ढोंगी ठरलेल्या बाईला कारखाना फाटकातसुद्धा उभं करणार नव्हता.

झालं होतं ते असं. पट्ट्या मी लावल्या. मशीन डॉक्टरांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि काकूंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, म्हणजे त्यांना बटण दिसू नये. थोड्या वेळाने विचारलं, "मुंग्या येतात का?" काकू म्हणाल्या, "येतात." दाराजवळच्या स्टुलावर काकूंची मुलगी बसली होती. "येतात?" ती म्हणाली, आणि खाली बघू लागली. डॉक्टरांनी पुढे विचारलं, बरं आहे का? काकू म्हणाल्या, आज थोडं बरं आहे. मग डॉक्टरांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, मलाही लावून बघा.

मी डॉक्टरांशी भांडले. गुरुवारपर्यंत कागदावर काही लिहायचं नाही, एवढं पदरात पाडून घेतलं. काकूंनी डाव्या हाताने बाही खाली ओढली आणि उठल्या.

"काकू, काहीतरी सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"खोटी म्हणणाऱ्याला मी खुलासे देत नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मागोमाग मुलगी गेली. तिचा चेहरा आईपेक्षाही पांढरा पडला होता.

२

दार लावून मी मशीन उलटंपालटं केलं. बॅटरी भरलेली. कपाटातली दुसरी वायर लावून पट्ट्या स्वतःच्या हाताला चिकटवल्या, बटण जरासं फिरवलं, तर बोटं टुणकन उडाली. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. आजारी होती ती वायर.

ही वायर मशीनपासून एक निघते आणि मध्येच तिला दोन फाटे फुटतात, एकेका पट्टीसाठी एकेक. जिथे फाटे फुटतात तिथे मी नख फिरवलं. नख अडलं. दिवा जवळ ओढून बघितलं, तर एका फाट्याच्या मुळाशी काळ्या वायरवर काळ्याच रंगाची बारीक पट्टी गुंडाळलेली. ती उकलली. आत तार कापलेली होती, आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवू नयेत म्हणून जरा लांब सरकवून ठेवली होती. दोनपैकी एक फाटा तोडला तरी करंटची वाट बंद. दिवा मात्र बिचारा हिरवाच राहतो.

माझा पहिला संशय डॉक्टरांवर. पुरावा एवढाच, की ते मला आवडले नव्हते. फार गोड संशय होता, पण सोडावा लागला. पट्टीखालचा गोंद कडक वाळलेला होता आणि पट्टीला कुठे सुरकुती नव्हती. हे सवडीने, टेबलावर बसून केलेलं काम होतं, आणि डॉक्टरांच्या हातात मशीन आलं ते माझ्या डोळ्यांदेखत.

मग पिशवी कुठे कुठे फिरली ते आठवलं. आदल्या आठवड्यात माझ्याकडे मशीन व्यवस्थित चालत होतं. काकूंची कातडी पट्ट्यांखाली लाल झाली होती म्हणून मीच सांगितलं होतं, तपासणीपर्यंत मशीन लावू नका, कातडीला विसावा द्या. तेव्हापासून वायर चालते की नाही हे कुणालाच कळणार नव्हतं. मधल्या काळात काकू एकदा कारखान्यात टेबल बघायला गेल्या आणि पिशवी तिथेच खुंटीला विसरून आल्या. दुसऱ्या दिवशी मुलीने जाऊन ती आणली. म्हणजे एक अख्खी रात्र पिशवी कारखान्यात होती.

काळी पट्टी मी चिमटीत धरून उजेडात बघितली. बारीक विणीचं, खळ दिलेलं कापड होतं. असं कापड मी एकाच ठिकाणी बघितलं होतं, काकूंच्या टेबलावर. पुस्तकांच्या कण्यावर तेच चढवतात.

३

कारखान्याचा मुकादम तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध होता. काकूंच्या अपघातानंतर "आता ही बाई कशाला," असं तो चारचौघांत बोलला होता, हे माझ्या कानावर होतं. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, काकू ढोंगी ठरल्या तर तुम्हाला बरंच पडेल ना?

त्याने मला आत नेलं आणि एका मांडणीपुढे उभं केलं. मांडणीवर जाडजूड ग्रंथ होते, सगळे बांधून तयार, आणि एकाच्याही कण्यावर नाव नव्हतं.

"ग्रंथालयाचं काम आहे," तो म्हणाला. "नावाशिवाय घेत नाहीत. आता मी काय, खडूने लिहू?"

काकू गेल्यापासून सगळं अडून पडलंय, असं त्याने मग बराच वेळ सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं काकूंच्या नावाने कुरकुर होतं. या वयात हौस कशाला, हात का सांभाळला नाही, वगैरे. फटकळ माणसाची माया अशीच असते, उलट्या बाजूने शिवलेली. त्याला काकू हव्या होत्या, आणि तो त्या येण्याची वाट बघत होता.

उरली धाकटी. काकूंच्या टेबलावर सध्या बसते ती मुलगी, कारखान्यातली वयाने सगळ्यात लहान कामगार. काकू परतल्या तर तिला पुन्हा पुठ्ठे कापायला जावं लागणार. हेतू आहे, कापड आहे, हातात सुरीही आहे, असं मनाशी म्हणत मी तिच्यापुढे स्टूल ओढलं. माझा आवाज जरा चढलेलाच होता.

तिने टेबलाखालून एक खोकं काढलं. त्यात फुकट गेलेले कणे होते. वाकडी अक्षरं, जळलेला वर्ख, एका ठिकाणी तर नावातलं एक अक्षरच गाळलेलं. मुकादमापासून लपवून ठेवलेत, ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू रोज संध्याकाळी फोनवर तिला शिकवत होत्या, पण फोनवरून हाताचा दाब कसा शिकणार? तिला ते टेबल नको होतं. निदान इतक्यात तरी नको होतं.

मी काळी पट्टी तिला दाखवली. कापड आपलंच, ती म्हणाली, पण असल्या चिंध्या सगळेच घरी नेतात. काकू तर पिशव्या भरभरून नेतात.

मी उठले. हात हलवत परत जायचं म्हणून जिवावर आलं होतं. डॉक्टरांनी काकूंना खोटं ठरवलं ते कसं, हे तिने विचारलं म्हणून जाता जाता सांगितलं, की मशीन बंद असताना काकू मुंग्या येतात म्हणाल्या.

धाकटीने माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले असावे.

"मग काय म्हणणार? काकूंच्या हाताला मुंग्या येतातच की. अपघात झाल्यापासून. दिवसभर."

४

मी तिथेच, पुठ्ठ्यांच्या ढिगावर, पुन्हा खाली बसले.

आमच्या धंद्यात "मुंग्या येतात का" हा प्रश्न म्हणजे करंट पोचला का, बस्स. रोज इतक्या वेळा विचारते की त्याला दुसरा अर्थ असतो हे मी विसरूनच गेले होते. डॉक्टरांनीही तो माझ्यासारखाच विचारला. पण पाठीमागे उभं राहून, बटण कधी फिरवलं हे न सांगता. काकूंना वाटलं, मशीन अजून सुरूच व्हायचंय, आणि हे आजवरच्या प्रत्येक डॉक्टरसारखी दुखण्याची चौकशी करतायत. मुंग्या येतात का? येतात. बरं आहे का? आज थोडं बरं आहे. कालच्यापेक्षा बरं होतं, म्हणून तसं सांगितलं. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती.

आणि हे कळलं तसं दुसरंही कळलं. काकू "येतात" म्हणतील हे वायर तोडणाऱ्याला आधी ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मेलेली वायर लावल्यावर कुणीही अपेक्षा काय करेल? बाई म्हणेल, काहीच जाणवत नाही. डॉक्टर म्हणतील, मशीनचा उपयोग नाही, हात गेला, आता घरी बसा. म्हणजे काकूंना खोटं पाडायचा हा डाव नव्हताच. त्यांना मानाने घरी बसवायचा होता.

मी इतका वेळ काकूंचं वाईट चिंतणारा माणूस शोधत होते. शोधायला हवा होता भलं चिंतणारा. कारखान्यात तर सगळ्यांना त्या टेबलावर हव्या होत्या. मग घरी कुणाला हव्या होत्या?

आणि मला ते "येतात?" आठवलं. दाराजवळच्या स्टुलावरून आलेलं. डॉक्टरांनी स्वतःला पट्ट्या लावून घेण्याच्या आधी, मशीनमध्ये करंट नाही हे खोलीत कुणालाही ठाऊक नसताना. चकित होण्यासारखं तेव्हा कुणालाच काही नव्हतं, एका माणसाशिवाय.

काकूंच्या घरी पोचले तेव्हा दोघी मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. मुलगी एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, लग्न झालेलं नाही, आईचं सगळं तीच बघते. मी वायर आणि ती काळी पट्टी टेबलावर ठेवली.

काकूंनी डाव्या हाताने पट्टी उचलली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथेच थांबला. पट्टीचं टोक बाहेर न सोडता आत दुमडून चिकटवलं होतं, म्हणजे ते कधी उचकटू नये.

"आमच्याकडे टोक असं कुणी दुमडत नाही," काकू सावकाश म्हणाल्या. "वेळ जातो म्हणून. मी एकटी दुमडते. आणि तुझ्या शाळेच्या वह्यांना पाठी लावताना तुला शिकवलं होतं."

मुलगी रडली नाही. उलट तिचा आवाज चढला. "हो, मीच तोडली. तू रात्री उशीत तोंड खुपसून कण्हतेस, मला भिंतीतून ऐकू येतं. सकाळी हसत म्हणतेस, झोप छान लागली. त्या कारखान्याने तुझा हात खाल्ला आणि तू त्यालाच दुसरा द्यायला निघालीस. मला वाटलं, एकदाचं डॉक्टरांनीच नाही म्हटलं की सुटशील. तू हो म्हणशील असं मला काय माहीत? मुंग्या येतात हे तू मला कधी सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला कामाला जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"म्हणून नाही सांगितलं." काकूंनी पट्टी खाली ठेवली. "रात्री कण्हते ती मीच, आणि सकाळी उठते तीही मीच. तू त्यातली एकच धरलीस, आणि दुसरीला न विचारता घरी बसवायला निघालीस. डॉक्टरांनी मला ढोंगी म्हटलं ते परक्याने म्हटलं. त्याचं मला एवढं लागलं नाही."

मुलगी म्हणाली, मी डॉक्टरांना जाऊन सगळं खरं सांगते. काकूंनी नाही अशी मान हलवली. मुलीला पुढे करून मला माझी जागा नको, त्या म्हणाल्या. तोडलेल्या वायरने फार तर त्यांचा राग वळेल, माझं खरं सिद्ध होणार नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"त्यांना गुरुवारी बोलवा. पट्ट्या लावा आणि त्यांना वाटेल तसं तपासू द्या. पाठीमागून, पडद्याआडून, कसंही. फक्त प्रश्न मी सांगेन तसा विचारायचा."

मला धडकी भरली. नसेच्या दुखण्यात जाणीव कधी कधी बोथट होते, गोंधळते. तिथे चुकल्या असत्या तर मीसुद्धा त्यांना वाचवू शकले नसते. मी तसं म्हटलं.

"चुकले तर चुकले," काकू म्हणाल्या. "पण माझ्या हाताचं मीच बोलणार."

५

गुरुवारी डॉक्टर आले ते घाईतच. टेबलाच्या मध्यावर मी पडदा ओढला होता. अलीकडे काकूंचा हात, पट्ट्या लावलेला. पलीकडे मशीन आणि डॉक्टर. नवी वायर त्यांनी आधी स्वतःला लावून खात्री करून घेतली आणि चांगलेच दचकले. मला मनापासून बरं वाटलं.

पडद्यापलीकडे बटण फिरल्याचा आवाजही येत नव्हता. थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं, "मुंग्या येतात का?"

"कोणाच्या?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझ्या की मशीनच्या? माझ्या मुंग्या मागच्या वर्षापासून आहेत. त्या बोटांच्या टोकाला असतात आणि चावतात. मशीनच्या पट्ट्यांखाली असतात आणि नुसत्या चालतात. तुम्ही परवा मला कुठल्या ते विचारलंच नाहीत. विचारताना नीट विचारा."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मशीनच्या येतात का?"

"नाही."

मी पलीकडे डोकावले. मशीन बंद होतं.

त्यांनी चालू केलं. काकू म्हणाल्या, आल्या. वाढवलं, तर म्हणाल्या, आता जोरात. बंद करून गंभीर आवाजात विचारलं, आता तर खूपच वाढल्या असतील ना? काकू म्हणाल्या, गेल्या. पुन्हा पुन्हा झालं. एकदा डॉक्टरांनी गुपचूप वायर उपसून ठेवली आणि मशीनचा दिवा पडद्याच्या फटीतून काकूंना मुद्दाम दिसू दिला. काकूंनी दिव्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिवा छान आहे. करंट नाही."

त्या एकदाही चुकल्या नाहीत.

मग मशीन नीट चालू केलं, करंट भिनू दिला, आणि काकूंनी पिशवीतून पितळी ठसा काढून माझ्या टेबलावरच्या रद्दी पुठ्ठ्यावर दाबला. गरम नव्हता, वर्ख नव्हता, तरी पुठ्ठ्यात अक्षर सरळ उमटलं. डॉक्टर बराच वेळ त्या अक्षराकडे बघत होते. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, कामास योग्य, मशीनसह. लिहून झाल्यावर म्हणाले, परवाच्या शब्दाबद्दल माफ करा. काकूंनी मान डोलावली, पण असू द्या वगैरे म्हणाल्या नाहीत.

"पण ती पहिली वायर बंद कशी पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोडली होती," काकू म्हणाल्या. "कुणी, ते तुम्ही विचारू नका. तुम्ही माझा हात तपासायला आला होतात, माझं घर नाही."

स्टुलावर बसलेली मुलगी उठून उभी राहिली. "मी तोडली," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काही न बोलता त्यांनी बॅग उचलली आणि गेले. एवढं शहाणपण त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

काकूंनी मशीन कमरेला अडकवलं. पट्ट्या हातावर तशाच होत्या. मुलीने पिशवी घ्यायला हात पुढे केला. निदान आज तरी घरी चल, असं ती अगदी हळू म्हणाली.

"तू मला कधी काम करताना बघितलंयस?" काकूंनी विचारलं.

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"मला कण्हताना भिंतीआडून ऐकलंस, आणि तेवढ्यावर निकाल दिलास. आज रजा टाक. माझ्या टेबलाशी बस, संध्याकाळपर्यंत बघ. त्यानंतर म्हणायचं असलं तर म्हण, आई, घरी बस. तेव्हा मी ऐकून घेईन. ऐकेन असं नाही म्हणत."

मुलीने तिथेच उभ्या उभ्या ऑफिसला फोन लावला. कारण काय सांगावं हे तिला सुचेना, मग नुसतंच आज येत नाही म्हणाली. फोन ठेवून तिने आईच्या हाताकडे बघितलं.

"आत्ता दुखतंय का?"

"दुखतंय," काकू म्हणाल्या. "चल."